छत काचेचे, पाया लाकडाचा

पॅरिसचे ‘ग्रां पाले’ बाहेरून पाहिले तर दगडी खांब, पुतळे, कोरीवकाम. दर्शनी भिंतींत लोखंड औषधालाही दिसत नाही. आत गेल्यावर मात्र डोक्यावर सगळी काच आणि सुमारे ६,००० टन पोलादाची कमानदार चौकट. घुमटाची उंची ४५ मीटर. १९०० सालच्या जागतिक प्रदर्शनासाठी हे दालन बांधले गेले. पोलाद वापरायचे आणि दगडाआड लपवायचे, हा त्या काळचा संकोच आज गमतीचा वाटतो.

काचेचे छत हवे होते ते उजेडासाठी. विजेचे दिवे तेव्हा आले होते, पण त्यांच्या पिवळट उजेडात निळ्या-हिरव्या छटा मार खात. शिल्पाला तर वरून झिरपणारा उजेडच लागतो. भुवई, नाक, हनुवटीखाली मऊ सावली पडते आणि दगडाला उठाव येतो. म्हणून वार्षिक कलाप्रदर्शनातली शिल्पे मधल्या भव्य दालनात, थेट काचेखाली मांडत. चित्रे असत बाजूच्या दालनांत. मातीस आणि देरँ या चित्रकारांच्या भडक रंगांवर १९०५ मध्ये टीकाकार तुटून पडले, ते याच इमारतीत.

या छताचे दुखणे निघाले जमिनीखाली. सीन नदीकाठच्या भुसभुशीत मातीत ओकच्या लाकडाचे हजारो खांब ठोकून पाया घातला होता. लाकूड पाण्यात बुडालेले असेल तर शतकानुशतके टिकते, कारण त्याला कुजवणाऱ्या बुरशीला प्राणवायू मिळत नाही. भूजलाची पातळी उतरली, खांबांची डोकी उघडी पडली आणि कुजू लागली. पाया असमान खचला की वरची चौकट पिळवटते आणि सगळा ताण सांध्यांवर येतो. १९९३ मध्ये एका प्रदर्शनाच्या वेळी छतातले एक रिव्हेट खाली पडले. मधले दालन बंद झाले, ते पाया बळकट करून, काचा बदलून २००५ मध्येच उघडले.

मुंबईत जन्मलेल्या शिल्पकार अनिश कपूर यांनी २०११ मध्ये इथे ‘लेव्हायथन’ उभे केले: हवेने फुगवलेला पीव्हीसीचा, सुमारे ३५ मीटर उंचीचा अवाढव्य फुगा. बाहेरून तो गर्द जांभळट, पण पोटात शिरले की लालभडक, कारण पडद्यातून गाळून आत पोचायचा तो मुख्यतः लाल प्रकाश. त्या पडद्यावर छताच्या कमानींच्या सावल्या उमटत; आकाशात ढग आला की पुसट होत, ऊन पडले की पुन्हा ठळक.