कोशकाराचे पेन्शन

शब्दकोश म्हणजे शब्दार्थांची निर्विकार नोंदवही, हा समज डॉ. सॅम्युअल जॉन्सन यांच्या १७५५ सालच्या इंग्रजी कोशापुढे टिकत नाही. इंग्लंडात बहुधा घोड्यांना घालतात ते ‘ओट्स’ स्कॉटलंडात माणसांचे अन्न होय, असा चिमटा त्यांनी त्यात काढला. खुद्द कोशकारालाही निरुपद्रवी हमाल ठरविले. ‘पेन्शन’चा अर्थ मात्र जहाल होता. स्वदेशाशी द्रोह करणाऱ्या सरकारी भाडोत्र्याचे वेतन, असा तो त्यांनी दिला.

पुढे १७६२ मध्ये तिसऱ्या जॉर्ज राजाने त्यांनाच सालीना ३०० पौंडांचे पेन्शन देऊ केले. हा झालेल्या कार्याचा गौरव आहे, पुढील सेवेचे मोल नव्हे, अशी ग्वाही मिळाल्यावर त्यांनी ते स्वीकारले. विरोधकांनी अर्थातच त्यांचीच व्याख्या त्यांच्या तोंडावर फेकली. १७७० पासून जॉन्सन यांनी सरकारची बाजू मांडणाऱ्या पुस्तिका लिहिल्या, तेव्हा टीकेला आणखी धार चढली.

तथापि १७७३ च्या सुधारित आवृत्तीत ती व्याख्या कायम राहिली. पुस्तिकांमागील हेतूविषयी शंका घेता येईल. परंतु स्वतःला दोषी ठरविणारा अर्थ त्यांनी खोडला नाही. राजाश्रय घेणाऱ्या प्रत्येक लेखकाला ही कसोटी लावावी.