मरणापलीकडे (१७) : मेलेल्यांचे पाय

मागच्या आठवड्यात शारदेला, म्हणजे उत्तराबाईंच्या तोंडून गेल्या जन्मीची म्हणून बोलणाऱ्या बाईला, आपण नागपुरात बंगाली बोलत सोडलं होतं. आज तिच्या भाषेची तपासणी करायची, या प्रकरणाचे अभ्यासक अकोलकर काय म्हणाले आणि स्टीव्हन्सन काय म्हणाले ते शेजारीशेजारी मांडायचं, असं मी कबूल केलं होतं. टिपणं काढून ठेवली होती, चष्म्याची काच पुसून झाली होती. तेवढ्यात शहादा तालुक्यातल्या कळसाडीहून एका वाचकाचं पत्र आलं आणि शारदा खोळंबली. जुन्या वाचकांना माझी खोड ठाऊक आहे. नव्यांनी सवय करून घ्यावी.

पत्रलेखकाची आजी गेल्या महिन्यात गेली. तो तिला ‘मोठी माय’ म्हणतो. जिथे तिने प्राण सोडला तिथे घरच्यांनी जमीन सारवली, पीठ चाळून पसरलं, मधोमध दिवा ठेवला आणि वर टोपली पालथी घातली. सकाळी टोपली उचलली तर पिठात तीन बोटांची खूण. ‘मोठी मायना पाय उमटना,’ असं चुलती म्हणाली आणि जमलेल्या बायांनी निकाल दिला : म्हातारी पाखराच्या जन्माला गेली.

आता गंमत पाहा. या मोठ्या मायने उभा जन्म ज्वारीच्या राखणीला माळ्यावर बसून गोफणीने पाखरं हाकलली होती. नातू विचारतो, ‘ही खूण खरी मानायची का? आणि खरी असेल, तर पुढच्या हंगामात आमच्या शेतात गोफण फिरवायची की नाही?’

असा प्रश्न आल्यावर बंगाली व्याकरण कुणाला सुचणार?

ही रीत कळसाडीपुरती नाही. कमीअधिक फरकाने महाराष्ट्रभर ती आहे. कुठे पीठ तांदळाचं, कुठे गव्हाचं, कुठे नुसती राख. पावलासारखं उमटलं तर माणूस, खुरासारखं उमटलं तर गाय, नागमोडी रेघ दिसली तर साप, तीन रेघा एका ठिकाणी मिळाल्या तर पाखरू. मी लहानपणी दोनदा ही टोपली उचलताना पाहिली आहे. दोन्ही वेळा घरातल्या सगळ्यात थोर बाईने आधी पाहिलं आणि मग बाकीच्यांना दिसलं. हा क्रम ध्यानात ठेवा.

पत्र आलं त्याच रात्री मी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात वाटीभर ज्वारीचं पीठ चाळून पसरलं, दिवा लावला आणि भाजीची टोपली पालथी घातली. ‘घरात सगळे धडधाकट असताना हे काय अभद्र मांडलंय?’ ही त्यावरची घरातली पहिली प्रतिक्रिया. पहिल्या रात्री काही नाही, फक्त तेलाचा एक ओघळ. दुसऱ्या रात्री काठाशी लहान लहान पंजे, दोन-तीन ठिकाणी तर हुबेहूब पाखराचे. तिसऱ्या सकाळी मी टोपली उचलली, तशी आतून एक पाल सुळकन ओट्याखाली गेली. मागे शेपटीची नागमोडी रेघ आणि दोन्ही बाजूंना टिंबं. म्हणजे तीन रात्रींत माझ्या घरी कुणीही न मरता एक पाखरू आणि एक साप जन्माला आला. दिव्यापाशी किडे येतात, किड्यांमागे पाल येते, तेला-पिठाच्या वासाने झुरळ आणि उंदीर येतात, आणि टोपलीखालची ऊब सगळ्यांनाच आवडते. पालीच्या पाच बोटांपैकी भुसभुशीत पिठात तीनच नीट उठली की झालं पाखरू.

एवढ्यावर लेख संपवता आला असता. पण माझ्या प्रयोगाने एकच गोष्ट ठरते : खूण उमटायला मरण लागत नाही. मोठी माय कुठे गेली, याबद्दल पाल काही बोलत नाही. आणि मला छळणारा प्रश्न निराळाच आहे. गेलेल्याची खूण शोधायची तर ती पायाचीच का? चेहरा नाही, हात नाही, आवाज नाही. पाऊलच का?

आपली भाषाच पाहा. माणूस मेला असं आपण तोंडावर म्हणत नाही. ‘तो गेला’ म्हणतो, ‘देवाघरी गेला’ म्हणतो. संस्कृतातल्या ‘प्रेत’ शब्दाची फोड प्र अधिक इत, म्हणजे पुढे गेलेला. मढ्याचं नाव ठेवतानासुद्धा आपण त्याला चालायला लावलं. जो जातो त्याला पाय हवेत. आणि ज्याला पाय आहेत तो परतही येऊ शकतो. सगळी गोम इथे आहे.

आता जरा तीन हजार वर्षं मागे आणि कळसाडीपासून बरंच दक्षिणेला जाऊ. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. १९६८ ते १९८३ या काळात सांकलिया, ढवळीकर, अन्सारी या डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी तिथली पांढरी उकरली. ताम्रपाषाण काळातलं आख्खं शेतकरी गाव निघालं : घरं, चुली, कणग्या, आणि घरांच्या जमिनीखाली त्यांची माणसं. दोनशेहून जास्त दफनं. लहान मुलं दोन मडक्यांत, मडक्यांची तोंडं एकमेकांना जोडून. मोठी माणसं उताणी, डोकं उत्तरेला, उशापायथ्याशी भांडी. आणि या मोठ्या माणसांचे पाय घोट्याखाली तोडलेले.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून काही वेळ नुसता बसून राहिलो होतो. ही शिक्षा नव्हती, शत्रूही नव्हते. ज्यांच्यासाठी खड्ड्यात अन्नपाण्याची भांडी ठेवली, त्यांचेच पाय तोडले. उत्खनन करणाऱ्यांनी लावलेला अर्थ असा की मेलेल्याने उठून फिरू नये, भूत होऊ नये, म्हणून ही तजवीज. त्या लोकांना लिहिता येत नव्हतं, तेव्हा हा आपला अर्थ, त्यांची साक्ष नव्हे. तरी मला तो पटतो, पण अर्धाच. नुसती भीती असती तर त्यांनी मढं गावाबाहेर लांब टाकलं असतं. यांनी ते घरात, निजायच्या जागेखाली ठेवलं. ‘जाऊ नकोस’ आणि ‘फिरू नकोस’ ही दोन्ही वाक्यं त्या एका घावात आहेत. आपल्या माणसाबद्दल एवढी खरी, एवढी अवघड गोष्ट मी कुठल्या पोथीत वाचलेली नाही.

अपवाद एक आहे. पाच खोल्यांच्या एका मोठ्या घराच्या अंगणात चार पायांचा, कच्च्या मातीचा, पोटासारखा फुगीर रांजण निघाला. त्यात चाळिशीतला एक पुरुष बसवलेला आणि त्याचे पाय शाबूत. घर मोठं, शेजारी कोठार, तेव्हा तो गावचा मुखिया असावा असं मानतात. बाकीच्यांचे दोन पाय गेले आणि याला रांजणाचे धरून सहा मिळाले. मोठ्या माणसाचं मेल्यावरही वेगळं असतं, ते तेव्हापासून.

कळसाडीकर म्हणतील, शिरूरशी आमचा काय संबंध? संबंध प्रकाशात आहे. तापी-गोमाईच्या संगमावरचं प्रकाशा, केदारेश्वराचं, ‘दक्षिण काशी’ म्हणवणारं. काशी करून आलेल्याचीही यात्रा प्रकाशाला गेल्याशिवाय पुरी होत नाही, असं त्या भागात मानतात. तिथल्या टेकाडाचं उत्खनन पुरातत्त्व खात्याच्या बी. के. थापर यांनी १९५४-५५ मध्ये केलं. तळाच्या ताम्रपाषाण थरांत सापडलेल्या खापरांत इनामगावी वापरत त्याच जोर्वे घाटाची, लाल अंगावर काळी नक्षी काढलेली भांडीही होती. म्हणजे एकेकाळी तापीकाठच्या आणि घोडकाठच्या चुलीवर एकाच तऱ्हेचं मडकं चढत होतं.

त्याच प्रकाशाच्या घाटावर आज दशक्रिया होते, आणि तिथे जे होतं ते इनामगावच्या बरोबर उलटं आहे. गरुडपुराणाच्या सारोद्धारात दहा दिवसांच्या दहा पिंडांचा हिशेब आहे. देह जळाला, तेव्हा गेलेल्याला वाटचालीसाठी नवा देह हवा. पहिल्या पिंडाने डोकं होतं, दुसऱ्याने मान आणि खांदे, मग छाती, पाठ, नाभी, कंबर, मांड्या, आठव्याने गुडघे आणि नवव्या दिवशी पाय. दहाव्या दिवशी त्या देहाला भूक-तहान लागते. आणि दहाव्यालाच आपण घाटावर भात ठेवून कावळ्याची वाट पाहत उभे राहतो! कावळा शिवेना म्हटलं की थोरला मुलगा मनातल्या मनात कबूल करतो : बहिणीकडे बघेन, कर्ज फेडीन, वाटणी नीट करीन. तरीही शिवला नाही तर दर्भाचा कावळा करतात. पण कावळा हा एक स्वतंत्र लेख आहे. इथे त्याला हाकलतो, मोठ्या मायसारखा.

तर पाय नवव्या दिवशी. आणि नुसते पाय देऊन भागत नाही, कारण यमपुरीची वाट ८६,००० योजनांची आहे. म्हणून अकराव्या-तेराव्याला वहाणा, छत्री, पाण्याचं भांडं दान करायचं. एका काळच्या माणसांनी आपल्या मेलेल्यांचे पाय काढून घेतले, दुसऱ्या काळच्या माणसांनी त्यांना पाय करून दिले, वर पायतण दिलं. एकाने म्हटलं, राहा. दुसऱ्याने म्हटलं, जा, पण नीट जा. मधल्या वाटेवर रेंगाळू नकोस, हे मात्र दोघांनीही म्हटलं. झाबुआकडच्या भिल्लांची तऱ्हा तिसरीच. ते मेलेल्याच्या नावाने जो ‘गाता’ म्हणजे कोरीव दगड उभा करतात, त्यावर अनेकदा तो घोड्यावर बसलेला असतो. पायांचा प्रश्नच मिटला.

आणि जो रेंगाळतो त्याचं काय? त्याचे पाय उलटे होतात. हडळ ओळखायची खूण कुणाही पोराला विचारा. चेहरा, केस, हिरवी साडी, सगळं फसवं. पाय बघ, टाचा पुढे असतात. पुढे गेला तो प्रेत आणि मागे फिरली ती हडळ. पावलांची दिशा हेच आपल्या परलोकाचं व्याकरण.

हडळ, मुंजा, समंध, झोटिंग, खवीस, गिऱ्हा ही सगळी यादी जुन्या इंग्रजी पुस्तकात छापून आली, त्याची एक हकिकत इथे सांगितलीच पाहिजे. ए. एम. टी. जॅक्सन नावाच्या अधिकाऱ्याने मुंबई इलाख्यातल्या शाळामास्तरांना प्रश्नावल्या पाठवून गावोगावच्या समजुती गोळा केल्या. हा गृहस्थ संस्कृतज्ञ. गेल्या जन्मी आपण वेद शिकलेला ब्राह्मण होतो, असं तो सांगे म्हणतात. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद थिएटरात अनंत कान्हेऱ्यांनी त्याला गोळ्या घातल्या, तो कलेक्टर जॅक्सन हाच. त्याने जमवलेले कागद एन्थोव्हेनने संपादून १९१४ मध्ये गुजरातचा आणि १९१५ मध्ये कोकणचा असे दोन खंड छापले. ज्याने सगळ्यांची भुतं टिपली, त्याचं पुस्तक त्याच्यामागून चालत आलं. आणि त्या रात्री तो नाटक कोणतं पाहायला आला होता? देवलांचं ‘शारदा’. योगायोग आहे, दुसरं काही नाही. पण ज्या आठवड्यात मी एका शारदेला ताटकळत ठेवलं, त्याच आठवड्यात दुसरी समोर आली तेव्हा माझ्याही अंगावर बारीक काटा आला, हे लपवत नाही. पिठात पाखरू दिसतं ते असंच.

आता कळसाडीचं उत्तर. दादा, ती खूण पालीची असावी, असं माझं मत. पण तुम्ही मला खुणेपेक्षा मोठी गोष्ट कळवलीत. टोपलीपाशी जमलेल्या बायांना मोठी माय पाखरू झाल्याचं दिसलं, बैल नाही, साप नाही. तिचं नाव काढलं की गावाला आधी माळा आणि गोफण आठवत असणार, आणि मग पिठात पाखरूच दिसणार. थोर बाईने आधी पाहिलं की बाकीच्यांना दिसतं, ते असं. त्या सकाळी घरच्यांनी पीठ वाचलं नाही, मोठी माय वाचली. माणूस गेल्यावर त्याची एवढी एक शेवटची बातमी मिळावी, असं कुणाला वाटणार नाही? ती बातमी पालीने आणली, तर पालीचा काय दोष?

गोफणीचं म्हणाल, तर ज्वारी राखावीच लागेल. फक्त एखादं पाखरू धोंड्याला न भिता कणसावर ठाण मांडून बसलं, तर त्या दिवसापुरतं राहू द्या. तिने कितीतरी हंगाम तुमचा दाणा राखला, चार दाणे तिचे निघतात.

जागा संपली, आणि शारदा नागपुरात तशीच उभी आहे. पुढच्या आठवड्यात नक्की. मात्र टिपणं पुन्हा गुंडाळताना एका ओळीवर नजर अडली. ती आजवर मी शंभरदा वाचली असेल, पण कधी थांबलो नव्हतो. शारदा आपली शेवटची आठवण सांगते ती अशी की साप डसला, आणि डसला तो पायाच्या बोटाला. आणि उत्तराबाईंच्या वेळी गरोदर असताना त्यांच्या आईला पुन्हा पुन्हा स्वप्न पडे, त्यातही साप पायाच्या बोटापाशीच यायचा. नवी भाषा, जुनं गाव, विसरलेलं नाव यांच्या मागे आम्ही सगळे अभ्यासक धावलो. गोष्ट सुरू होते ती पुन्हा पायापाशी.

तिथूनच पुढे जाऊ.