थोडा बुटका घोडा

वर्ध्याला लागून असलेल्या बोरगाव मेघेसारख्या वस्तीत अशी घरं हमखास दिसतात. नोकरीत असताना कर्ज काढून बांधलेली, पोरांसाठी म्हणून वर एक मजला चढवलेली, आणि आता त्या वरच्या मजल्याला कुलूप. पोरं पुण्याला, हैदराबादला, कुणी त्याहून लांब. खाली दोन म्हातारी माणसं, नाहीतर एकच. रविवारी फोन येतो.

‘बाबूजी, जेवले का?’

‘हो, झालं जेवण.’

‘गोळ्या घेतल्या?’

‘घेतल्या ना.’

‘पडले-बिडले नाही ना?’

‘मी कायले पडतो?’

परवा मोरीत पाय घसरला होता आणि नळाला धरून कसंबसं सावरलं होतं, हे बाबूजी सांगत नाहीत. सांगितलं तर पोरगा म्हणेल, ‘बस झालं आता, चला इकडे.’ मग अकराव्या मजल्यावरचा फ्लॅट, दिवसभर बंद दार, आणि खाली उतरलं तर नावानं हाक मारणारं कुणी नाही. त्यापेक्षा मोरी बरी.

या दोन टोकांच्या मधली जागा म्हणजे असिस्टेड लिव्हिंग. आपल्याकडे हा शब्द अजून पुण्या-मुंबईच्या जाहिरातींतच जास्त दिसतो, आणि तो कानावर पडला की पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते: ‘म्हणजे वृद्धाश्रमच ना?’ नाही. वृद्धाश्रम हा बहुतेक वेळा निराधारांचा आसरा असतो, तर नर्सिंग होममध्ये माणूस पेशंट म्हणून राहतो. इथे माणसाची स्वतःची खोली असते, तिला आतून कडी असते, स्वतःचं कपाट, स्वतःचे देव असतात. मदत असते, पण जिथे अडतं तेवढ्यापुरतीच.

कुठे अडतं, हे मोजायची एक जुनी पट्टी आहे. अमेरिकेतल्या सिडनी कॅट्झ या डॉक्टरांनी १९६३ साली ती मांडली. आंघोळ, कपडे घालणं, शौचाला जाणं, पलंगावरून उठून खुर्चीत बसणं, लघवी-शौचावर ताबा, आणि आपल्या हातानं जेवणं, अशी सहा कामं तिच्यात आहेत. पुढे १९६९ मध्ये लॉटन आणि ब्रॉडी यांनी दुसरी यादी दिली: फोन लावणं, बाजारहाट, स्वयंपाक, घरची झाडलोट, कपडे धुणं, प्रवास, औषधं वेळेवर घेणं आणि पैशाचा हिशेब. गंमत अशी, की आधी गळते ती दुसरी यादी. माणूस स्वतः आंघोळ करतो, धोतराचा काष्टा व्यवस्थित मारतो, देवपूजा करतो, त्यामुळे सगळ्यांना वाटतं तब्येत ठणठणीत आहे. पण बँकेतून आलेला ओटीपी कुणाला सांगायचा नसतो हे त्याच्या लक्षात राहत नाही, आणि रक्तदाबाची गोळी एका दिवशी दोनदा, दुसऱ्या दिवशी एकदाही नाही, असं होतं. रविवारच्या फोनवर हे कळत नाही. दिवाळीला पोरं येतात तेव्हा फ्रिजमध्ये आंबलेलं वरण आणि टेबलाच्या खणात न फोडलेली गोळ्यांची पाकिटं सापडतात, तेव्हा कळतं.

असिस्टेड लिव्हिंगचा सगळ्यात मोठा फायदा इथेच आहे. दुसरी यादी दुसऱ्या कुणी उचलली, तर पहिली पुष्कळ वर्षं आपल्या हातात टिकते. वेळेवर गोळी, वेळेवर गरम ताट, मोरीत धरायला दांडा, बसून आंघोळ करायला स्टूल, पलंगापासून संडासापर्यंत रात्रभर मिणमिणता दिवा. यात दिखाऊ काहीच नाही. पण म्हातारपणी खुब्याचं हाड मोडलं की माणूस किती झपाट्यानं खचतो, हे ज्या घरानं पाहिलं त्याला या दांड्याची किंमत सांगावी लागत नाही. शिवाय जेवायला सोबत असते. एकटं माणूस स्वतःपुरता स्वयंपाक टाळतं आणि चहात बिस्किट बुडवून रात्र काढतं. वर्ध्याचा मे महिना अंगावर घेताना तर उपाशी राहणं आणि पाणी कमी पिणं दोन्ही महागात पडतं.

या विचाराची एक गोष्ट आपल्या शेजारच्याच जिल्ह्यातली आहे. यवतमाळ जिल्ह्यात उमरखेडजवळ उटी नावाचं गाव आहे. तिथले शेतकरी सीताराम गावंडे जवळपास ११० वर्षं जगले. त्यांचा मुलगा आत्माराम डॉक्टर होऊन अमेरिकेत गेला, आणि नातू अतुल गावंडे यांनी २०१४ साली ‘बीइंग मॉर्टल’ हे पुस्तक लिहिलं. त्यात आजोबांचं वर्णन आहे. शंभरी गाठल्यावरही रोज रात्री झोपण्याआधी घोड्यावर बसून सगळी शेतं पाहून यायचा त्यांचा हट्ट होता. घरच्यांनी घोडा बंद केला नाही. त्यांनी थोडा बुटका घोडा घेतला, आणि सोबत एक माणूस दिला. पुढे कोर्टाच्या कामासाठी जाताना बसमधून पडल्याचं निमित्त झालं आणि ते गेले. म्हणजे त्या वयातही स्वतःच्या कामाला निघालेले होते.

हा बुटका घोडा मला जाहिरातींतल्या जलतरण तलावांपेक्षा फार मोलाचा वाटतो. अर्थात उटीत एकत्र कुटुंब होतं, शेतीची सत्ता म्हाताऱ्याच्या हाती होती, आणि खस्ता खायला घरात सुना होत्या. गावंडे स्वतःही ती व्यवस्था जशीच्या तशी परत येईल असं म्हणत नाहीत. सुनांनी तेव्हा काय सोसलं हे विचारल्याशिवाय ‘पूर्वी वृद्धाश्रम नव्हते’ असा टेंभा मिरवण्यात अर्थ नाही.

त्याच पुस्तकात केरन विल्सन या बाई भेटतात. त्या शिकत असताना त्यांच्या आईला ५५ व्या वर्षी पक्षाघात झाला आणि नर्सिंग होममध्ये जावं लागलं. आईचं मागणं साधं होतं: छोटी खोली, आपलं स्वयंपाकघर, आपल्या वस्तू, आपलं मांजर, आणि दाराला आपलं कुलूप. त्यातून विल्सन यांनी १९८३ साली ओरेगॉनमधल्या पोर्टलंड शहरात अशी जागा उभी केली. लोक म्हणाले, म्हाताऱ्यांना कुलूप द्याल तर ती आत मरून पडतील. सरकारनं लक्ष ठेवून अभ्यास केला. तब्येती बिघडल्या नाहीत, लोक जास्त समाधानी दिसले, खर्चही कमी आला. पुढे बिल्डरांनी ते नाव उचललं आणि कुलुपाची कल्पना वगळून लॉबी तेवढी चकचकीत केली. विल्सन यांचं निरीक्षण मार्मिक आहे: या जागा विकल्या जातात त्या मुलांना, राहावं लागतं ते आईवडिलांना.

वर्ध्याला हे सगळं परकं वाटू नये. कुष्ठरोगानं ग्रासलेले संस्कृत पंडित परचुरेशास्त्री सेवाग्रामला आले, तेव्हा गांधीजींनी त्यांना आपल्या जवळच वेगळी कुटी करून दिली आणि स्वतः त्यांची मालिश करत. खोली वेगळी, हाकेच्या अंतरावर माणूस. आराखडा तोच आहे.

आता व्यवहाराचं. महाराष्ट्रात महारेरा या गृहप्रकल्पांच्या नियामक प्राधिकरणानं २०२४ मध्ये ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी निकष घातले: एकाहून जास्त मजला असेल तर लिफ्ट, चाकाची खुर्ची जाईल अशी ९०० मिलिमीटरची दारं, मोरीत दांडे, घसरणार नाही अशी फरशी. ही झाली भिंतींची हमी. अशा निवासांची नोंदणी आणि आतल्या सेवांचा किमान दर्जा ठरवू पाहणारं, ज्येष्ठ नागरिक कायद्यातलं दुरुस्ती विधेयक २०१९ मध्ये लोकसभेत मांडलं गेलं, पण त्याचा कायदा झाला नाही. म्हणून चौकशी आपणच करायची. रात्री दोन वाजता बेल वाजली तर कोण उठतं, ते नावानिशी विचारा. महिन्याच्या रकमेत काय येतं आणि अटेंडंट, डायपर, डॉक्टरची फेरी यांचे वेगळे किती, ते लेखी घ्या. अनामत परत कधी मिळते तेही. स्मृतिभ्रंश झाला तर ठेवून घेतात की ‘घेऊन जा’ म्हणतात, हा प्रश्न बहुतेक लोक विचारायचं टाळतात. तोच आधी विचारा. आणि न सांगता, जेवणाच्या वेळी जाऊन या.

घर विकून किंवा मुलाच्या नावे करून हा खर्च भागवायचा विचार असेल तर २००७ चा ज्येष्ठ नागरिक कायदा वाचून घ्या. सांभाळण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि सांभाळलं नाही, तर कलम २३ नुसार ते हस्तांतरण रद्द होऊ शकतं. पण ती अट कागदावर असू द्या. याच कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधारांसाठी निवास उभारण्याची तरतूद आहे. ज्यांना फी परवडत नाही त्यांचा प्रश्न इथे येतो, आणि तो चॅरिटीवर सोडून चालणार नाही.

माझं मत विचाराल तर बोरगावच्या बाबूजींनी पुण्याच्या टाउनशिपमध्ये जावं असं मला वाटत नाही. एका बाजूला सावंगी मेघे, दुसऱ्या बाजूला सेवाग्राम. दोन्हीकडे मोठी रुग्णालयं आणि नर्सिंगचं शिक्षण. इतक्या जवळ शिकलेली माणसं असलेली गावं राज्यात थोडी असतील. कुलूप लावलेले वरचे मजले आहेत, डबे पुरवणाऱ्या बाया आहेत. चार-पाच घरांनी मिळून एक प्रशिक्षित माणूस दिवसाला आणि एक रात्रीला ठेवला, एका घराचा तळमजला दुरुस्त करून घेतला, तर वस्ती न सोडता हे होऊ शकतं. ग्रामपंचायतीनं आणि ज्येष्ठ नागरिक संघानं पुढाकार घेतला तर सोपं जाईल. शेजारीपाजारी तेच, भाजीवाला तोच, मंदिराचा ओटा तोच.

येत्या सुट्टीत घरी जाल तेव्हा वरच्या दोन्ही याद्या घेऊन आईबाबूजींजवळ बसा, आणि कुठल्या कामात मदत हवी ते त्यांच्याच तोंडून काढा. ते ‘काही नको’ म्हणाले तरी मोरीत दांडा बसवूनच निघा.