रोल किती मिनिटे धुवावा?

घरी रोल धुण्याचा नाद लागलेला प्रत्येक विद्यार्थी पहिला प्रश्न हाच विचारतो. वरवर पाहता उत्तर सोपे आहे, कारण ते फिल्मच्या माहितीपत्रकात छापलेलेच असते. उदाहरणार्थ, इल्फर्डची ४०० वेगाची 'एचपी-५ प्लस' ही फिल्म 'आयडी-११' डेव्हलपरच्या मूळ द्रावणात २० अंश सेल्सिअस तापमानाला साडेसात मिनिटे ठेवावी, असे तेथे सांगितलेले असते. मग हा लेखनप्रपंच कशासाठी? अशासाठी, की छापील आकडा सर्वसाधारण परिस्थितीचा असतो आणि आपली परिस्थिती क्वचितच सर्वसाधारण असते. उटीला बनणारी 'इंदू' फिल्म आता इतिहासजमा झाली आहे. बाहेरून येणारा रोल विद्यार्थ्याच्या खिशाला जड जातो, आणि एकदा बिघडलेला रोल पुन्हा नव्याने धुता येत नाही. तेव्हा हा आकडा केव्हा आणि किती बदलावा, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

प्रथम डेव्हलपर काय करतो ते पाहू. फिल्मवरील जिलेटीनच्या थरात चांदीच्या क्षारांचे सूक्ष्म कण असतात. ज्या कणांवर प्रकाश पडला, त्यांचे डेव्हलपर काळ्या धातुरूप चांदीत रूपांतर करतो. दृश्यातील सावलीच्या भागातून फिल्मवर थोडाच प्रकाश येतो. तेथील मोजके कण लवकर काळे होतात आणि पुढे वेळ वाढवला तरी त्यांत फारशी भर पडत नाही. लख्ख उजेडाच्या भागात मात्र प्रकाश लागलेले कण विपुल असतात आणि मिनिटामिनिटाला ते भाग अधिकाधिक दाट होत जातात. हर्टर आणि ड्रिफील्ड या दोघा संशोधकांनी निगेटिव्हच्या या घनतेचा मोजूनमापून केलेला अभ्यास १८९० मध्ये प्रसिद्ध केला. त्यातून छायाचित्रकारांच्या हाती आलेला व्यवहारी नियम असा: कॅमेऱ्यातला प्रकाश सावली पाहून ठरवावा आणि डेव्हलपरमधला वेळ उजेड पाहून ठरवावा. या लेखातले पुढचे सारे या एका नियमाचाच विस्तार आहे.

आता आपल्याकडील मुख्य अडचण, म्हणजे उष्मा. रासायनिक क्रिया उष्णतेने जलद होते. ढोबळ हिशेब असा, की दर अंशामागे वेळ सुमारे एक दशांशाने कमी करावा. २० अंशांना ६ मिनिटे लागत असतील, तर २३ अंशांना साडेचार आणि १६ अंशांना ९ मिनिटे लागतात. या हिशेबाने ३० अंशांना आपली साडेसात मिनिटे जेमतेम तीनवर येतील! पण पाच मिनिटांपेक्षा कमी वेळ धोक्याचा असतो. डेव्हलपर ओतण्यात आणि काढण्यात जे काही सेकंद जातात, तेवढ्यानेही निगेटिव्हवर असमान पट्टे उमटू शकतात. शिवाय गरम पाण्यात जिलेटीन मऊ पडते ते वेगळेच.

यावर दोन उपाय आहेत. पहिला, पाणी थंड करणे. डेव्हलपरमध्ये बर्फ टाकू नये, कारण तो वितळून द्रावण पातळ होते. बाटल्या घमेल्यात ठेवून भोवती बर्फाचे किंवा माठातले पाणी ओतावे. विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या हवेत माठ हे काम उत्तम करतो. कोकणातल्या दमट हवेत त्याची मात्रा तितकी चालत नाही. फिक्सर आणि धुण्याचे पाणीही साधारण त्याच तापमानाचे असावे. दुसरा उपाय, डेव्हलपर पातळ करणे. आयडी-११ मध्ये समभाग पाणी मिसळले की २० अंशांना १३ मिनिटे लागतात आणि २४ अंशांना सुमारे ९. हा अवधी हाताळायला सोयीचा असतो. मात्र असे पातळ केलेले द्रावण एकदाच वापरून टाकून द्यावे.

तापमानाचा हिशेब जमला, की खरा कलेचा भाग सुरू होतो. वैशाखातल्या उन्हात पारावर बसलेला एखादा वृद्ध शेतकरी डोळ्यांसमोर आणा. डोक्यावर पांढराशुभ्र फेटा, आणि फेट्याच्या सावलीत रापलेला चेहरा. प्रकाश फेट्याला पाहून दिला, तर चेहऱ्यावरच्या सुरकुत्या फिल्मवर उमटणारच नाहीत, आणि मग डेव्हलपरमध्ये कितीही वेळ घालवला तरी त्या परत येणार नाहीत. म्हणून प्रकाश चेहऱ्याला पाहून द्यावा. मात्र त्यामुळे फेट्यावर प्रकाश जास्त होतो. छापील वेळ पाळली, तर निगेटिव्हवर फेटा इतका दाट होतो की प्रिंटमध्ये त्याचा नुसता पांढरा डाग दिसतो. येथे वेळ वीसेक टक्क्यांनी कमी करावा, म्हणजे ९ मिनिटांच्या जागी ७. चेहरा जवळजवळ तसाच राहतो आणि फेट्याचे पीळ मोजता येतात.

श्रावणातल्या ढगाळ दिवशी उलट स्थिती असते. सगळीकडे सारखा मंद उजेड पडल्याने चित्र मरगळलेले दिसते. तेव्हा वेळ तितकाच वाढवला, तर त्यात उठाव येतो. अर्थात एका रोलमधली सारी चित्रे एकत्रच धुतली जातात. म्हणून शक्यतो एक रोल एकाच प्रकारच्या उजेडात संपवावा.

स्नेहसंमेलनातील नाटकाचे छायाचित्रण हा आणखी एक प्रसंग. रंगमंचावर उजेड अपुरा असतो, म्हणून ४०० ची फिल्म १६०० समजून वापरतात आणि मूळ आयडी-११ मध्ये २० अंशांना १४ मिनिटे धुतात. याने फिल्मचा वेग खरोखर चौपट होतो, असा अनेकांचा समज आहे. वस्तुतः वाढीव वेळेने चेहऱ्यावरचा उजेड तेवढा वर येतो. अंधाऱ्या कोपऱ्यातला पडदा हरवतो तो हरवतोच. हा सौदा आहे, हे ओळखून तो करावा.

शेवटी, स्वतःचा आकडा कसा शोधावा? एक रोल छापील वेळेप्रमाणे धुवा आणि मध्यम प्रतीच्या कागदावर प्रिंट काढा. सावल्या ठीक असून उजेडाचे भाग कोरे पांढरे दिसले, तर पुढल्या खेपेस वेळ कमी करा. चित्र राखाडी, निर्जीव वाटले तर वाढवा. निगेटिव्हवर सावल्यांच्या जागी काहीच नसेल, तर दोष वेळेचा नसून कॅमेऱ्यात कमी दिलेल्या प्रकाशाचा आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. टाकी हलवण्याची रीतही ठरलेली असू द्यावी: पहिल्या दहा सेकंदांत चार वेळा उलटसुलट, आणि पुढे दर मिनिटाच्या आरंभी तसेच. ती बदलली तर वेळेचा हिशेबही बदलतो.

एका वहीत फिल्म, उजेड, तापमान, मिनिटे आणि निकाल एवढ्या पाच गोष्टी नोंदवीत जा. दहा रोल झाले, की त्या वहीत जो आकडा सापडेल तो कोणत्याही माहितीपत्रकात नसतो. कारण त्यात तुमच्या गावाचे पाणी, तुमचा हात आणि तुमच्या वाट्याला येणारे ऊन यांचा जमाखर्च मांडलेला असतो.