पेट्रोल भरलं की गाडी का रुसते?

टाकी भरली, पंपावरून निघायला चावी फिरवली, आणि गाडी खोकत खोकत कशीबशी सुरू झाली. एरवी मात्र ठणठणीत. इथे अमेरिकेत जुनी गाडी वापरत असाल, तर हा प्रकार तुम्हीही अनुभवला असेल. मला एका गॅरेजवाल्याने फ्युएल पंप बदलायला सांगितलं होतं. दोष निघाला मुठीत मावेल अशा एका झडपेत. तिचं नाव पर्ज व्हॉल्व्ह.

पेट्रोलमधले ब्युटेन, पेंटेनसारखे हलके घटक टाकीतच उडू लागतात. ही वाफ बाहेर गेली, की उन्हात नायट्रोजन ऑक्साइडांबरोबर तिच्यापासून ओझोन बनतो. लॉस एंजेलिसचं कुप्रसिद्ध धुरकं ते हेच. म्हणून कॅलिफोर्नियात १९७० च्या आणि देशभर १९७१ च्या मॉडेलांपासून वाफ अडवणं सक्तीचं झालं.

वाफ अडते ती सक्रिय कोळशाच्या डब्यात, म्हणजे कॅनिस्टरमध्ये. या कोळशाच्या एका ग्रॅमचं आतलं-बाहेरचं मिळून क्षेत्रफळ सुमारे १००० चौरस मीटर भरतं! स्पंज पाणी पितो तसं इथे होत नाही. वाफेचे रेणू पृष्ठभागाला नुसते चिकटतात, तेही दुबळ्या आकर्षणाने. (याला अधिशोषण म्हणतात.) पकड दुबळी असते, म्हणूनच ती सोडवता येते.

सोडवायचं काम पर्ज व्हॉल्व्हचं. चालू इंजिनाच्या इनटेकमध्ये दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो. झडप उघडली, की ताजी हवा कोळशातून ओढली जाते आणि रेणूंना घेऊन इंजिनात जळायला जाते. झडपेतल्या तारेच्या वेटोळ्यात वीज आली की ती उघडते, वीज गेली की स्प्रिंग तिला मिटते. गाडीचा संगणक ही उघडझाप सेकंदाला अनेकदा करतो आणि तेवढं पेट्रोल इंजेक्टरमधून कमी सोडतो.

झडप उघडीच अडकली तर? टाकी भरताना आतली वाफ रेटली जाते, ती थेट इनटेकमध्ये जाऊन साठते. सुरू करताना इंजिनाला हवा कमी, इंधन जास्त मिळतं. म्हणून तो खोकला.

घरी तपासायचं असेल तर झडपेचा वीजजोड काढा, इंजिन सुरू करा, कॅनिस्टरकडची नळी सोडवून झडपेच्या तोंडावर बोट धरा. ओढ जाणवली तर झडप गेली. तोंडाने फुंकून बघू नका, ती पेट्रोलची वाफ आहे. स्कॅनरवर बहुधा पी ०४९६ किंवा पी ०४४१ दिसेल.

माझ्या झडपेत कोळशाची काळी भुकटी सापडली. पंप ‘टक्’ करून थांबल्यावरही डॉलरचा आकडा पूर्ण करायला मी थोडं थोडं भरत राहायचो. तसं केलं की द्रव पेट्रोल कॅनिस्टरमध्ये शिरतं आणि कोळसा खराब होतो. आता पावतीवर ३७ डॉलर ८३ सेंट दिसले तरी मी नॉझल जागेवर ठेवतो.