होम थिएटर वाजतंय, पण सीडी घेत नाही? नवा प्लेयर घेण्याआधी मागच्या पिना बघा

पंधरा-वीस वर्षांपूर्वी हौसेने घेतलेले होम थिएटर अनेक घरांत आजही दणक्यात वाजते. मोबाइलची वायर जोडली की गाणी लागतात, वूफर घुमतो. बंद पडलेला असतो तो फक्त सीडीचा ट्रे. डिस्क टाकली की ती थोडी फिरते आणि 'नो डिस्क' अशी अक्षरे येतात. मग कपाटातल्या डिस्क तशाच पडून राहतात. लग्नाची सीडी, जिला घरात अजूनही 'लग्नाची कॅसेट'च म्हणतात, आजोबांच्या पंच्याहत्तरीचे शूटिंग, गावच्या यात्रेतला छबिना. आज हयात नसलेली माणसे त्यात हसता-बोलताना दिसतात. सिनेमा यूट्यूबवर सापडेल, हे सापडणार नाही.

दुकानात विचारले की उत्तर ठरलेले असते, "आता कोण सीडी बघतंय? नवा साउंडबार घेऊन टाका." पण पूर्ण संच बदलायची गरज बहुतेक वेळा नसते. साधा डीव्हीडी प्लेयर साधारण दीड ते साडेतीन हजारांत मिळतो आणि जुन्या संचाला जोडता येतो. अट एकच, पिना जुळल्या पाहिजेत.

आधी बघा, बिघाड कुठे आहे

नवा प्लेयर घेण्याआधी जुन्याचा बिघाड ओळखावा. काही दुरुस्त्या थोडक्यात होतात.

- ट्रे बाहेरच येत नाही, नुसता कुरकुरतो: आतला लहान रबरी पट्टा सैल झालेला असू शकतो. हे काम स्वस्तातले आहे.
- डिस्क फिरते, पण 'नो डिस्क' येते: लेन्सवर धूळ बसली असेल किंवा लेझर कमजोर झाला असेल. मेकॅनिककडून लेन्स पुसून घ्यावी. तरी फरक पडला नाही तर लेन्सचा भाग बदलावा लागतो आणि जुन्या मॉडेलचा तो मिळेलच असे नाही.
- व्हीसीडी चालते, पण डीव्हीडी चालत नाही: दोन्ही वाचणारे लेझर वेगवेगळे असतात. त्यातला एकच गेला असण्याची शक्यता जास्त.
- लाइटच लागत नाही: बिघाड पॉवर सप्लायमध्ये आहे. प्लेयर आणि अॅम्प्लिफायर एकाच डब्यात असतील तर स्पीकरही बंद राहतील. हा बिघाड आधी काढून घ्यावा.

प्लेयर घरी उघडून चालू करू नये. लेझर डोळ्याला घातक असतो आणि पॉवर सप्लायमध्ये जोराचा शॉक बसू शकतो.

डिस्क खराब आहे की प्लेयर, हेही तपासावे. शेजाऱ्याच्या प्लेयरवर तीच डिस्क लावून बघावी. डिस्क मऊ सुती कापडाने मधल्या भोकाकडून कडेकडे सरळ रेषेत पुसावी, गोल-गोल नाही. टूथपेस्ट लावण्याचा उद्योग करू नये.

होम थिएटरच्या मागे काय आहे?

दुकानात जाण्याआधी होम थिएटरच्या आणि टीव्हीच्या मागच्या बाजूचे मोबाइलवर फोटो काढून घ्यावेत. कोणता प्लेयर घ्यायचा, हे त्या फोटोंवरूनच ठरते.

लाल-पांढऱ्या दोन पिना, वर 'ऑक्स' किंवा 'ऑडिओ इन' लिहिलेले: सगळ्यात सोपे काम. कोणताही साधा डीव्हीडी प्लेयर चालेल. ट्रे बिघडलेला जुना डबाही फेकू नये. त्याच्या 'ऑक्स'ला नवा प्लेयर जोडला की जुने स्पीकर पुन्हा कामाला लागतात. मात्र जागेवर 'इन' लिहिले आहे ना, हे नक्की बघावे. 'आउट'ला जोडून आवाज येत नाही.

सहा पिनांची रांग: वूफरमध्येच अॅम्प्लिफायर असलेल्या अनेक ५.१ संचांना अशी रांग असते. सहाही स्पीकरमधून वेगवेगळा आवाज हवा असेल तर प्लेयरलाही '५.१ आउट' म्हणजे सहा पिना लागतात. आता बऱ्याच स्वस्त प्लेयरला त्या नसतात, म्हणून खोक्यावरच्या लिखाणावर न जाता मागची बाजू बघावी.

कोअॅक्शियल किंवा ऑप्टिकल: कोअॅक्शियल हे एकच गोल, बहुधा नारिंगी सॉकेट असते. ऑप्टिकल चौकोनी असते आणि त्यातून लाल उजेड दिसतो. दोन्हींचे काम एकच, डिजिटल आवाज नेणे. पण एकाची वायर दुसऱ्याला बसत नाही. संचाला फक्त ऑप्टिकल आणि प्लेयरला फक्त कोअॅक्शियल असेल तर मध्ये कन्व्हर्टर लागतो, म्हणजे जादा खर्च.

इथे पैसे वाचवण्याची एक गोष्ट. लग्नाच्या सीडीत, जुन्या व्हीसीडीत किंवा कीर्तनाच्या सीडीत आवाज साधारणपणे दोनच चॅनेलचा असतो. ५.१ चा खरा उपयोग सिनेमाच्या ओरिजिनल डीव्हीडीला होतो. घरच्या डिस्कच बघायच्या असतील तर दोन पिनांचा साधा प्लेयर पुरतो.

टीव्ही नवा असेल तर

जुन्या टीव्हीला पिवळी-लाल-पांढरी अशा तीन पिना लागत. अनेक नव्या एलईडी टीव्हींना त्या नसतात. काहींना हेडफोनसारखे एकच छोटे भोक असते आणि तीन पिनांचा जोड टीव्हीच्या खोक्यात आलेला असतो. तो आधी शोधावा. बाजारातला दिसायला तसाच जोड लावला तर चित्र किंवा आवाज गायब होऊ शकतो, कारण आतली जोडणी वेगळी असू शकते.

टीव्हीला फक्त एचडीएमआय असेल तर एचडीएमआय असलेलाच डीव्हीडी प्लेयर घ्यावा. जुनाच प्लेयर जोडायचा असेल तर 'एव्ही टू एचडीएमआय' कन्व्हर्टर मिळतो. नाव नीट वाचून घ्यावे. 'एचडीएमआय टू एव्ही' हा उलट्या कामाचा आणि दिसायला तसाच असतो. दोन्हींत गल्लत झाली की चित्र येत नाही.

एचडीएमआय लावल्यावर आवाज टीव्हीतून येतो, होम थिएटरमधून नाही. त्यासाठी प्लेयरच्या लाल-पांढऱ्या पिना वेगळ्या वायरने थेट होम थिएटरला जोडाव्यात आणि टीव्हीचा आवाज बंद करावा. कोअॅक्शियल जोडूनही आवाज येत नसेल तर प्लेयरच्या सेटिंगमध्ये डिजिटल आवाज 'रॉ'वरून 'पीसीएम'वर करून बघावा.

डीव्हीडी की ब्लू-रे?

ब्लू-रे प्लेयर महाग आहे आणि त्यावर डीव्हीडी चालते, म्हणून तोच चांगला असे वाटू शकते. पण बऱ्याच ब्लू-रे प्लेयरवर व्हीसीडी चालत नाही, आणि गावातल्या कपाटांत व्हीसीडीच जास्त निघतात. २००७ च्या सुमारास मोझर बेअर कंपनीने २८ रुपयांत व्हीसीडी आणि ३४ रुपयांत डीव्हीडी विकायला सुरुवात केल्यावर सिनेमाच्या ओरिजिनल डिस्कही घरोघरी पोहोचल्या. शिवाय व्हीसीडीचे चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांचे, डीव्हीडीचे ७२० बाय ५७६ चे. महागड्या प्लेयरने मूळ चित्रात नसलेला बारकावा येत नाही. घरात ब्लू-रे डिस्क नसतील तर तो खर्च टाळावा.

आणखी एक फसगत यूएसबीवर चालणाऱ्या कॉम्प्युटरच्या डीव्हीडी ड्राइव्हची. स्वस्त दिसते म्हणून ती घेतली जाते, पण टीव्हीच्या यूएसबीला लावून बहुतेक टीव्हींवर काहीच दिसत नाही. तिला लॅपटॉप किंवा कॉम्प्युटर लागतो.

दुकानात काय तपासावे

- घरून तीन डिस्क न्याव्यात: एक जुनी व्हीसीडी, एक लग्नाची डीव्हीडी, एक एमपीथ्री गाण्यांची सीडी. तिन्ही लावून दाखवायला सांगावे.
- डिस्क फक्त सुरुवातीला नाही, शेवटची दहा मिनिटेही चालवावी. डिस्क आतून बाहेर वाचली जाते, त्यामुळे अडखळणे अनेकदा शेवटाकडे कळते.
- रिमोट, वायरी आणि अॅडॉप्टर खोक्यात आहेत का, हे बघावे. अॅडॉप्टरवर बीआयएसचे चिन्ह आणि 'आर' अक्षराने सुरू होणारा नंबर असावा. तो 'बीआयएस केअर' अॅपवर टाकून तपासता येतो.
- जीएसटीचे पक्के बिल आणि शिक्का मारलेले वॉरंटी कार्ड घ्यावे. सर्व्हिस सेंटर कुठे आहे, हे आधीच विचारावे.

ऑनलाइन घेताना 'रिटर्न' आहे की फक्त 'रिप्लेसमेंट', हे वाचावे आणि खोके उघडताना व्हिडिओ काढावा. वॉरंटीत दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर तक्रार करता येते.

नातेवाइकाने परदेशातून प्लेयर आणला असेल तर आधी मागचे लिखाण वाचावे. अमेरिकेतला प्लेयर १२० व्होल्टचा असू शकतो आणि आपल्याकडे २३० व्होल्ट आहे. तसाच लावला तर जळेल. सिनेमाच्या डीव्हीडींना रीजन कोडही असतो. भारताचा ५, अमेरिकेचा १, आखाती देशांचा २. कोड जुळला नाही तर डिस्क चालत नाही. लग्नाच्या डिस्कला हा अडथळा नसतो.

प्लेयर आला की पहिले काम

ओरिजिनल सिनेमाची डिस्क कारखान्यात ठशाने तयार होते. लग्नाची डिस्क मात्र स्टुडिओवाल्याने कोऱ्या डिस्कवर लेझरने भरलेली असते. तिच्यातला रंगाचा थर ऊन, उष्णता आणि दमटपणाने हळूहळू खराब होतो. पत्र्याच्या घरातल्या लोखंडी कपाटात उन्हाळे काढलेली डिस्क किती दिवस टिकेल, याचा भरवसा नाही. नवा प्लेयरसुद्धा अशी डिस्क वाचू शकणार नाही.

म्हणून आज ज्या डिस्क चालतात, त्यांची कॉपी लगेच करून घ्यावी. कॉम्प्युटर सेंटर किंवा फोटो स्टुडिओमध्ये डिस्कवरून 'एमपीफोर' फाइल करून मिळते. नुसती पेनड्राइव्हवर कॉपी केली तर काही टीव्हींवर ती चालत नाही, म्हणून 'एमपीफोर'च करायला सांगावे. 'एफएटी ३२' प्रकारच्या पेनड्राइव्हवर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही, त्यामुळे मोठ्या शूटिंगचे भाग करावे लागतात. एक कॉपी पेनड्राइव्हवर ठेवावी आणि दुसरी दुसऱ्या घरी, मुलाकडे किंवा लेकीकडे द्यावी.

कॉपी झाली तरी मूळ डिस्क टाकून देऊ नये. कव्हरमध्ये घालून, उभी, सावलीत ठेवावी. डिस्कवर चिकटपट्टी लावू नये आणि बॉलपेनने लिहू नये. नाव-तारीख कव्हरवर लिहावी.