टेकडी कुणाची?

लेकीकडे इंग्लंडला गेले होते, तेव्हा तिनं मला वेल्समधल्या बारमथला नेलं. गावामागे समुद्राकडे तोंड करून उभी टेकडी, दिनास ओलेई. ‘‘अगं, तिकीट कुठं काढायचं?’’ ‘‘आई, ही सगळ्यांची आहे.’’

१८९५ मध्ये फॅनी टॅल्बट नावाच्या बाईंनी ही साडेचार एकर जमीन नॅशनल ट्रस्टला दिली. ट्रस्टची ही पहिलीच जागा. तिघा संस्थापकांतही ऑक्टाव्हिया हिल ही बाईच! १९०७ च्या कायद्यानुसार ट्रस्टनं कायमची राखून ठेवलेली जमीन पुढं ट्रस्टलाही विकता येत नाही.

आमच्या गावच्या टेकडीवर आम्ही करवंदं खायला जायचो. आता तिथं प्लॉट पडलेत, तारेचं कुंपण आलंय. बोलणार कुणाला, मैत्रिणींनो? त्यातला एक प्लॉट आमचाच आहे. ह्यांच्यापाशी विषय काढलाय.